चेन्नईच्या उन्हातला कॅमेलिया

कॅमेलिया हे पूर्व आशियातील डोंगरउतारांवर, उंच झाडांच्या सावलीत आणि हिवाळ्याच्या थंडीत वाढणारे सदाहरित झाड आहे. चेन्नई हे तेराव्या अक्षांशावरचे, समुद्राला लागून असलेले शहर असून तेथे मे महिन्यातील कमाल तापमान सरासरीने 37 अंश सेल्सिअसवर जाते आणि जानेवारीच्या पहाटेही पारा 21 अंशांच्या आसपासच रेंगाळतो. अशा शहरात कॅमेलियाचे बोन्साय वाढवून त्याला फुले आणण्याची हौस बाळगणाऱ्यांची निराशा होते ती बहुधा निगराणी कमी पडल्यामुळे नव्हे, तर झाडाची निवड पहिल्याच दिवशी चुकल्यामुळे. उटी किंवा कोडाईकनालच्या सहलीतून परतताना टपोऱ्या गुलाबी फुलांनी भरलेले रोप गाडीतून आणले जाते, चेन्नईच्या गच्चीवर ते एक-दोन उन्हाळे कसेबसे काढते, कळ्या धरते आणि त्या न उमलताच गाळते. याच कुळातले दुसरे एक झाड मात्र तामिळनाडूच्या डोंगरांत हजारो हेक्टरांवर उभे आहे, उष्णता बरीच अधिक सोसते, म्हातारपणी आपसूकच बोन्सायला शोभेल असा बुंधा धरते आणि शरदात पांढरी, पिवळ्या केसरांची फुले देते. ते झाड म्हणजे चहा, आणि चेन्नईकरांनी कॅमेलियाच्या बोन्सायचा विचार तेथूनच सुरू करावा हे सर्वांत शहाणपणाचे आहे.

चहा आणि शोभेचा कॅमेलिया हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच प्रजातिगटातले, म्हणजे एकाच वंशातले भाऊबंद आहेत. बागांत दिसणारी मोठ्या फुलांची झाडे प्रामुख्याने कॅमेलिया जपोनिका या जातीची असतात. तिची पाने जाड व तकतकीत, फुले एकेरीपासून गच्च दुहेरीपर्यंत नाना तऱ्हांची आणि बहुतेक बिनवासाची असतात. कॅमेलिया सासांक्वा ही दुसरी जात जपानच्या दक्षिणेकडील भागातली असून तिची पाने व फुले लहान असतात, फुलोरा शरदातच येतो आणि पाकळ्या एकेक करून गळतात, तर जपोनिकाचे फूल अखंडच्या अखंड खाली पडते. तिसरी जात कॅमेलिया सायनेन्सिस, म्हणजेच चहा. तिचे लहान पानांचा चिनी आणि रुंद पानांचा आसामी असे दोन मुख्य प्रकार असून निलगिरीतील जुन्या मळ्यांत या दोन्हींच्या संकरातून आलेली झुडपे आढळतात.

या वंशाच्या इतिहासाचा एक धागा चेन्नईतूनच जातो आणि तो फारसा सांगितला जात नाही. कार्ल लिनियसने 1735 साली या वंशाला दिलेले नाव मोराव्हियात जन्मलेल्या आणि मनिला येथे औषधशाळा चालवणाऱ्या गेऑर्ग योझेफ कामेल या जेझुइट बंधूच्या स्मरणार्थ आहे. कामेल 1688 मध्ये फिलिपिन्सला पोहोचला आणि 1706 मध्ये तेथेच वारला; या काळात त्याने तेथील वनस्पतींची वर्णने व चित्रे लंडनमधील जेम्स पेटिव्हर आणि जॉन रे या निसर्गअभ्यासकांना धाडली, आणि ती धाडण्याचा मार्ग फोर्ट सेंट जॉर्जमधून, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमधून जात होता. किल्ल्यातील शल्यचिकित्सक सॅम्युएल ब्राउन आणि त्याच्यानंतर एडवर्ड बल्कली हे या व्यवहारातले दुवे होते. दोघेही स्वतः मद्रासच्या परिसरातील झाडपाला गोळा करत आणि त्यांची स्थानिक नावे टिपून लंडनला पाठवत. रे याच्या वनस्पतींच्या इतिहासग्रंथाच्या 1704 सालच्या तिसऱ्या खंडाला कामेलचे लेखन परिशिष्ट म्हणून जोडले गेले. ज्या नावाने हे फूल जगभर ओळखले जाते त्या नावाच्या माणसाची कीर्ती युरोपात पोहोचली ती मद्रासच्या बंदरातल्या जहाजांवरून, ही गोष्ट या शहरातल्या बागप्रेमींनी अभिमानाने जपावी अशी आहे.

बोन्साय म्हणजे बुटक्या जातीचे झाड नव्हे. कुठल्याही सर्वसाधारण झाडाची मुळे उथळ कुंडीत मर्यादित ठेवून, फांद्यांची छाटणी करून आणि तारेने वळण देऊन त्याला जुन्या, पूर्ण वाढलेल्या वृक्षाचा घाट देण्याची ही कला आहे. या शिस्तीत राहिलेल्या झाडाची पाने कालांतराने काहीशी लहान होतात, परंतु फुले व फळे यांचा आकार मात्र कमी होत नाही, आणि फुलणाऱ्या झाडांच्या बोन्सायमध्ये हा मुद्दा निर्णायक ठरतो. जपोनिकाचे दहा सेंटिमीटर रुंदीचे फूल तीस सेंटिमीटर उंचीच्या झाडावर विजोड दिसते, कारण पाहणाऱ्याची नजर झाडाचे वय आणि विस्तार फुलाच्या मापावरूनच ताडत असते. चहाचे फूल जेमतेम तीन-चार सेंटिमीटरांचे असते, पानांच्या बगलेत खाली मान घालून उमलते आणि त्याला मंद वास असतो. त्यामुळे 45 ते 60 सेंटिमीटर उंचीच्या झाडावर ते अगदी प्रमाणात शोभते. मल्लिगै म्हणजे मोगरा केसांत माळणाऱ्या या शहराला बिनवासाच्या भपकेदार फुलापेक्षा हे लहानसे सुवासिक फूल अधिक जवळचे वाटेल.

जपोनिकाच्या कळ्या चेन्नईत का गळतात, हे समजून घेण्यासाठी कळीचे जीवनचक्र पाहावे लागते. कळी धरण्यासाठी या झाडाला उन्हाळ्याची ऊब आणि मोठे दिवस लागतात, त्यामुळे कळ्या चेन्नईतही धरतात. पण धरलेली कळी पूर्ण पोसून उमलण्यासाठी तिला नंतर अनेक आठवडे थंड रात्री लागतात, आणि त्या या शहरात मार्गळी या डिसेंबर-जानेवारीतल्या तामिळ महिन्यातही मिळत नाहीत. कळी मग आतल्या आत तपकिरी पडून गळते, आणि मालक पाणी कमी पडले की जास्त झाले याचा शोध घेत राहतो. खत, औषध, सावलीची जाळी हे सारे विकत मिळते. रात्रीचा गारवा विकत मिळत नाही. वातानुकूलित खोलीत झाड ठेवण्याचा उपाय काही जण करतात, पण तेथील कोरडी हवा आणि अपुरा उजेड झाडाला उन्हापेक्षाही अधिक मारक ठरतात.

चहाच्या बाबतीत आशेला जागा आहे आणि तिला आधारही आहे. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यालगत गॉल आणि मातारा या जिल्ह्यांत चहाचे मळे समुद्रसपाटीपासून थोड्याच उंचीवर आहेत, तेथील रात्रीही उबदारच असतात, तरीही झुडपे वाढतात आणि फुलतात. आसामच्या मैदानात उन्हाळ्यात तापमान 35 अंशांपर्यंत जाते, तरी दमट हवा आणि मळ्यांत मुद्दाम लावलेली सावलीची झाडे यांच्या जोरावर चहा तग धरतो. या दोन्ही प्रदेशांत पाऊस चेन्नईपेक्षा पुष्कळ अधिक आहे, म्हणून चेन्नईत खरी उणीव भरून काढायची ती ओलाव्याची. आणि कुंडीतल्या एका झाडापुरती ती माणसाला भरून काढता येते.

निलगिरीत चहाची लागवड प्रायोगिक स्वरूपात 1830च्या दशकात सुरू झाली. कुन्नूरजवळच्या केट्टी येथील सरकारी प्रयोगक्षेत्रात चिनी चहाची रोपे लावण्यात आली होती.  मळ्यातल्या चहाच्या झुडपाकडे बोन्सायकाराच्या नजरेने पाहिले तर त्याच्या मोलाची कल्पना येते. मोकळे सोडले तर कित्येक मीटर उंच वाढणारे हे झाड तोडणीच्या सोयीसाठी कमरेच्या उंचीवर रोखलेले असते आणि दर चार-पाच वर्षांनी त्याची छाटणी होते. झुडूप फारच थकले असेल तर ते जमिनीपासून 30 सेंटिमीटरांच्याही खाली कापून नव्याने फुटू दिले जाते. साठ-सत्तर वर्षे असे कापले गेलेले खोड जमिनीलगत मांडीएवढे जाड होते, त्यावर जुन्या कापांच्या गाठी वळलेल्या असतात, मधला भाग काही ठिकाणी कुजून पोकळ झालेला असतो, राखाडी सालीवर दगडफुलाचे पांढुरके चट्टे असतात, आणि या सगळ्यातून फुटलेल्या कोवळ्या फांद्या मात्र हिरव्यागार असतात. बोन्सायकार ज्या जीर्णतेसाठी दशके खर्च करतो ती येथे तयार मिळते. जुनी लागवड काढून नवी रोपे लावताना असे बुंधे उपटले जातात, आणि मळ्याच्या परवानगीने ते मिळवता येतात.

असा बुंधा निवडताना मळेवाल्यांची एक जुनी परीक्षा उपयोगी पडते. छाटणीनंतर झाडावर पान उरत नाही, म्हणून नवी फूट केवळ मुळांत साठवलेल्या पिष्टावर, म्हणजे स्टार्चवर येते. तो साठा पुरेसा आहे की नाही हे पाहण्यासाठी पेन्सिलीच्या जाडीचे मूळ आडवे कापून कापावर आयोडिनच्या द्रावणाचा थेंब टाकतात. काप निळा-काळा झाला तर साठा भरपूर आहे असे समजून छाटणी करतात, पिवळसरच राहिला तर झुडपाला काही आठवडे विश्रांती देऊन पाने पोसू देतात. कुंडीत घेण्यासाठी मुळे व फांद्या दोन्ही एकदमच कापाव्या लागत असल्यामुळे ही परीक्षा येथे अधिकच महत्त्वाची आहे. बुंधा पावसाळी हवेत काढावा, सोटमूळ आखूड करून बाजूची तंतुमुळे राखावीत, आणि पहिले वर्षभर त्याला डोंगरावरच्याच एखाद्या रोपवाटिकेत खोल कुंडीत रुजू द्यावे. मुळे धरलेली नसताना झाड थेट चेन्नईच्या उन्हात आणणे म्हणजे त्याचा जीव घेणे होय. ज्यांना जुना बुंधा मिळत नाही त्यांनी बियांपासूनचे किंवा छाट कलमाचे रोप घेऊन सुरुवात करावी. वेळ अधिक लागतो, पण वळण मनासारखे देता येते.

चेन्नईत या झाडाचा खरा शत्रू ऊन नसून पाणी आहे, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. कॅमेलियाच्या सर्व जातींना आम्लधर्मी माती लागते. मातीची आम्लता मोजण्याच्या सामू या मापात शोभेच्या जातींना 5.5 ते 6.5 आणि चहाला 4.5 ते 5.5 एवढा सामू मानवतो. चेन्नईतील बोअरवेलचे पाणी जड, क्षारयुक्त आणि अनेक भागांत समुद्राच्या शिरकावामुळे मचूळ असते. असे पाणी रोज घातले की कुंडीतल्या मातीचा सामू महिन्यागणिक चढत जातो, मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही, आणि कोवळी पाने पिवळी पडून त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या उरतात. ही खूण दिसली की खताचा मारा करण्याऐवजी पाणी बदलावे. चुना, राख, अंड्याची टरफले आणि हाडांचा चुरा या घरगुती गोष्टी इतर झाडांना कितीही मानवत असल्या तरी चहाच्या कुंडीपासून त्या कटाक्षाने दूर ठेवाव्यात.

उपाय शहराच्या छपरावरच पडतो. तामिळनाडूत इमारतींना पावसाचे पाणी साठवण्याची किंवा मुरवण्याची व्यवस्था 2003 पासून सक्तीची आहे, आणि पावसाचे पाणी निसर्गतःच किंचित आम्लधर्मी व क्षाररहित असते. उन्हाळ्यात मध्यम आकाराच्या बोन्सायला दिवसाला जास्तीत जास्त लिटरभर पाणी लागते असे धरले, तर जानेवारी ते मे या पाच महिन्यांसाठी 200 लिटरचे एक झाकणबंद पिंप एका झाडाला पुरून उरते; ते ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात भरून ठेवावे आणि डासांसाठी त्याला बारीक जाळी बांधावी. पिंप संपल्यावर आरओ यंत्राचे गाळलेले पाणी चालते, पण त्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मूळ पाण्याहूनही खारट असल्यामुळे ते वाया जाऊ नये या सद्हेतूनेही कुंडीत घालू नये.

कुंडीतले मिश्रण पाणी धरणारे आणि तरीही झटकन निचरा होणारे असावे. जपानी बोन्सायकार आम्लप्रिय झाडांसाठी कानुमा ही ज्वालामुखीजन्य पिवळी माती वापरतात. भारतात तिच्या जागी जांभ्या दगडाची वाटाण्याएवढी खडी उत्तम काम देते, कारण जांभा सच्छिद्र, लोहयुक्त आणि चुनाविरहित असतो. दोन भाग जांभ्याची खडी, एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा आणि एक भाग चांगले कुजलेले पानखत हे प्रमाण बरे पडते. काथ्याच्या भुशात मीठ असू शकते, म्हणून तो दोन-तीन पाण्यांतून धुऊन मगच वापरावा. सिमेंटच्या कुंड्यांतून चुना झिरपत असल्याने त्या टाळाव्यात.

उन्हाळ्याचा कस लागतो तो मेच्या पहिल्या आठवड्यापासून, ज्या दिवसांना तामिळ लोक अग्निनक्षत्र किंवा कत्तिरी वेयिल म्हणतात. चेन्नईत दुपारी समुद्रावरून येणारा वारा तापमान उतरवतो, पण ज्या दिवशी तो उशिरा येतो त्या दिवशी पश्चिमेकडचा कोरडा वारा पाने करपवून टाकतो. पूर्वेकडची बाल्कनी, सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन आणि त्यानंतर जाळीची किंवा मोठ्या झाडाची सावली, अशी जागा सर्वांत चांगली. पाने पाण्याने भिजवल्याने हवा थोडा वेळच गार होते. मुळे गार राहणे त्याहून महत्त्वाचे आहे, कारण उथळ कुंडीतली माती तापलेल्या गच्चीवर हवेपेक्षाही अधिक गरम होते. म्हणून चेन्नईत बोन्सायची कुंडी पुस्तकात दाखवतात त्यापेक्षा खोल घ्यावी, फिक्या रंगाची घ्यावी, जमिनीपासून उंच मांडावी आणि एप्रिल-मेमध्ये ती ओल्या वाळूने भरलेल्या रुंद मातीच्या घमेल्यात बसवावी. वाळूतून उडणारे पाणी कुंडीला थंड ठेवते. बेसंट नगर, तिरुवान्मियूर अशा किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत पानांवर मिठाचा थर बसतो, तो आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुऊन टाकावा.

ऑक्टोबरमध्ये ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला की काळजीची दिशाच उलटते. चेन्नईचा वर्षाचा निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो आणि डिसेंबर 2016 मधील वरदा किंवा डिसेंबर 2023 मधील मिचाँग यांसारखी चक्रीवादळे याच दिवसांत येतात. सततच्या ओलीत मुळे कुजतात, म्हणून कुंडी एका बाजूने विटेचा तुकडा लावून कलती करावी, म्हणजे पाणी साचत नाही. वादळाची सूचना मिळताच झाड गच्चीवरून खाली आणून भिंतीच्या आडोशाला ठेवावे.

छाटणीचा मुहूर्त फुले संपताच, म्हणजे जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. त्यानंतर येणाऱ्या नव्या फुटीवरच पुढील हंगामाच्या कळ्या धरतात. पावसाळ्यात केलेली छाटणी म्हणजे त्या कळ्यांचीच छाटणी. प्रत्येक फांदीवर दोन-तीन पाने राखून टोक खुडावे. कुंडीबदलही याच सुमारास, दोन-तीन वर्षांतून एकदा करावा आणि मुळांचा एक तृतीयांशाहून अधिक भाग एका वेळी कापू नये. या वंशाचे लाकूड ठिसूळ व साल पातळ असते, त्यामुळे जाड फांदी तारेने वाकवण्याच्या भरीस पडू नये. वळण कोवळ्या, हिरवट फांद्यांनाच द्यावे, अॅल्युमिनियमची तार सैल गुंडाळावी आणि ती सालीत रुतण्याआधी काढावी. मोठ्या कापांना लेप लावावा, कारण ते हळूहळू भरतात. खत हलके, सेंद्रिय आणि वारंवार असावे. एरंडीची किंवा कडुलिंबाची पेंड चिमूटभर द्यावी, जुलैपासून मात्र नत्र कमी करावे, एरवी झाड पालवीवरच समाधान मानते. घरातला चहाचा चोथा घालायचा तर त्यातली साखर व दूध धुऊन, वाळवूनच घालावा.

किडींपैकी लाल कोळी हा कोरड्या हवेतला नेहमीचा पाहुणा. पाने बारकाईने पाहिली की तो दिसतो आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बराचसा निघून जातो. खवले कीड ओल्या कापडाने पुसून काढावी.

कळ्यांचा हंगाम आला की टपोरी, गोल ती फूलकळी आणि सडपातळ, टोकदार ती पानकळी असा भेद ओळखून दाटीतल्या काही फूलकळ्या पिळून काढाव्यात, म्हणजे उरलेल्या जोमाने उमलतात. पहिली दोन वर्षे तर झाडाला फुलू न दिलेलेच बरे. या दिवसांत कुंडी जागची हलवू नये आणि माती एकदाही वाळू देऊ नये, कारण एका दिवसाच्या तहानेनेही कळ्या गळतात. चहाचे फळ पिकायला जवळजवळ वर्ष लागते, त्यामुळे एकाच फांदीवर यंदाची फुले आणि गेल्या वर्षीची तीन कप्प्यांची तपकिरी बोंडे एकत्र दिसतात, आणि बोन्सायच्या रसिकांना हे दृश्य फार प्रिय असते. मात्र चहाला स्वतःच्या परागाने फळ सहसा धरत नाही, म्हणून बोंडे हवी असतील तर निराळ्या बियाण्याची दोन झाडे जवळजवळ ठेवावीत. मिळालेले बी फार दिवस टिकत नाही. ते त्याच आठवड्यात पाण्यात टाकून, तळाला बसणारे तेवढे निवडून पेरावे, आणि रोप वीतभर झाले की पहिल्याच कुंडीबदलात त्याचे सोटमूळ कापावे. चेन्नईच्याच पाण्यावर आणि उन्हात उगवलेल्या अशा रोपांतून जी दोन-तीन उन्हाळे तगतील, ती डोंगरावरून आणलेल्या कोणत्याही रोपापेक्षा या शहरासाठी अधिक विश्वासाची ठरतील.